कमिशनर येणार म्हणून

कोर्टाचा माणूस दारी येणार म्हटल्यावर कुठल्या बाईनं जागा झाडली नसती, ते मला सांगा. मीही झाडली. आणि त्या झाडण्यापायी आमच्या घराच्या तोंडचं पाणी पळालं.

आमचा धंदा दोर वळायचा. घरात तिघंच. सासरे, म्हणजे माझे मामंजी, माझा नवरा आणि मी. लोकांना वाटतं दोर काय, बसल्या बसल्या वळतात. बसल्या बसल्या वळतात त्या वाती. दोर चालून वळावा लागतो. एका टोकाला चाक, ते नवरा फिरवतो. मी कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळते, चाकाच्या आकड्यात पहिले तंतू अडकवते आणि मागं मागं चालत निघते. एका हातानं वाख सोडायचा, दुसऱ्या हातातल्या ओल्या फडक्यानं धागा दाबायचा. चाक पीळ भरतं, मी लांबी भरते. वाटेत बेचक्यांचे खांब रोवलेले असतात, त्यावर धागा टेकत जातो. मधेच थांबलं तर धाग्याला गाठी पडतात, हात सुटला तर पीळ उलटा पळतो. मग तो वाख गेलाच म्हणायचा, पुन्हा कामाचा नाही.

आणि पीळ लांबी खातो. विहिरीला सत्तर हात दोर हवा तर जागा शंभर हातांच्या वर लागते. आमचा पट्टा एकशे दहा पावलांचा, नाल्याच्या कडेनं सरळ रस्त्यापर्यंत गेलेला. जुन्या जमीनमालकानं तो मामंजींना चाळीस वर्षांपूर्वी दिला. दिला म्हणजे काय, 'वळ इथं' म्हणाला. झालं. कागद ना शिक्का. आता तो मालक वारला, पोरांनी रान विकलं, आणि घेतलं सिमेंटच्या पाइपांच्या दुकानदारानं. त्याला सगळे पाइपवाला म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.

सुगीच्या तोंडावर, दोराला जेव्हा सगळ्यात जास्त मागणी असते तेव्हा, त्यानं पट्ट्याच्या कडेला सिमेंटचे खांब आणून टाकले. गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"काका, आठ दिवसांत ते चाक हलवा. कुंपण घालायचंय."

"चाळीस वर्षं आहोत इथं," मामंजी म्हणाले.

"मग खूप झालं की."

मामंजींनी हात जोडले. ज्या माणसानं चार गावांतल्या लोकांना दोर वळायला शिकवलं, तो त्या गाडीच्या खिडकीसमोर हात जोडून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी गेल्यावर मी म्हटलं, "कोर्टात जाऊ."

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"तुम्ही शहाणे, तुम्ही घरी बसा. मी जाते."

बाजारच्या दिवशी गेले. कोर्टाच्या मागं वकील संघाची खोली आहे. दर बुधवारी तिथं एक टेबल बाहेर काढून ठेवतात, गरिबाला सल्ला फुकट. संघातले वकील आळीपाळीनं त्या टेबलावर बसतात, कुणाची पाळी कधी त्याची यादी दाराला चिकटवलेली. आत खिळ्यांवर काळे कोट, पुस्तकांच्या कपाटाची एक काच गेलेली, आणि किटलीतला चहा सतत फिरत असतो. माझ्यापुढं सात जण. कुणाचं नाव चुकलं, कुणाचा मुलगा बघत नाही, कुणाची भिंत शेजाऱ्यानं पाडली. प्रत्येकाचं ऐकत ऐकत रांग सरकत होती आणि मला आपलं वाटत होतं, एवढ्या दुनियेच्या कटकटीत माझा दोर कोण ऐकणार.

त्या दिवशीच्या पाळीला एक वकीलबाई होत्या. काटकुळ्या, कोटाची कॉलर विटलेली. त्यांनी मात्र ऐकलं. किती वर्षं, साक्षीला कोण, पावसाळ्यात काय करता, सगळं खोदून खोदून विचारलं. मी बोलत होते आणि एक जाडजूड वकील येऊन त्यांच्या पुढ्यातला अर्धा कप चहा उचलून घेऊन गेले. बाई हसल्या. "आमचे चिटणीस," म्हणाल्या. "संघाचे."

दावा दाखल झाला आणि पहिल्याच तारखेला तेच चिटणीस पाइपवाल्याच्या बाजूनं उभे राहिले.

न्यायाधीशांनी सांगितलं, निकाल लागेपर्यंत 'जैसे थे'. खांब पडलेत तिथं पडू देत, चाक आहे तिथं राहू दे. आणि एक कमिशनर जाऊन जागा बघेल, काय दिसतं ते लिहून देईल. कमिशनर म्हणजे कुणी बाहेरचा मोठा साहेब असेल असं मला वाटलं. तोही संघातलाच एक म्हातारा वकील, उंच, जाड भिंगांचा. आमच्या बाई, त्यांचे चिटणीस आणि हा कमिशनर दुपारी एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पीत होते.

"चोर चोर मावसभाऊ," नवरा म्हणाला. तो दिवसातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "गुरुवारी अकराला येतील. नेहमीसारखे असा."

नेहमीसारखे! नेहमी आमच्या पट्ट्यावर काय असतं? वाखाचा कचरा, पाण्याची फुटकी बादली, खांबांवर वाळत टाकलेले कपडे, तेलकट चिंध्या, मामंजींच्या थुंकीचं डबडं. असं कोर्टाला दाखवायचं? बुधवारपासून मी कंबर कसली. चाक उचलून छपरात नेलं. भारे माळ्यावर टाकले. बेचक्यांचे खांब उपटले आणि खड्डे मातीनं लिंपून सपाट केले. एकशे दहा पावलं झाडली, पाणी मारलं, परत झाडली. गुरुवारी सकाळी मामंजी धुतलेला सदरा घालून उभे राहिले आणि म्हणाले, "शाबास. जागा कशी आरशासारखी केलीस." लग्न झाल्यापासून त्यांनी मला शाबास म्हटलेलं ते पहिलंच.

कमिशनर आले. टेप लावून मोजलं, फोटो काढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. पाइपवाला करकर वाजणारे बूट घालून मागं मागं होताच. मधेच तो थांबला, जमिनीकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वा वहिनी, माझं रान किती स्वच्छ ठेवलंत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी छपराकडं धावले आणि चाकाला हात घातला.

"बाई, आता आणू नका," कमिशनर म्हणाले. आवाज मऊ होता, पण थांबवणारा. "मी आल्यावर आणलं, असं लिहावं लागेल."

"साहेब, रोज असतं हो इथं! रोज! काल मीच..."

"मला जे दिसतं तेच मी लिहितो."

मामंजी मटकन खाली बसले. धुतलेल्या सदऱ्याला माती लागली, त्यांना भान नव्हतं.

पुढच्या तारखेला तो अहवाल वाचला गेला. 'सदर जागा मोकळी, स्वच्छ व समतल असून तेथे कोणताही व्यवसाय चालू असल्याच्या खुणा आढळल्या नाहीत.' प्रत्येक शब्द खरा. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या केरसुणीनं लिहिलेला. त्याआधी वकीलबाईंनी मला व्हरांड्यात असं झापलं होतं, की शेजारचा टंकलेखक यंत्रावरचे हात थांबवून बघत राहिला.

"कुणी सांगितलं होतं झाडायला? नेहमीसारखे असा म्हटलं होतं की नाही?"

"ताई, घरी कोण आलं तर आम्ही नेहमीसारखे असतो का?"

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हेच आत सांगायचं. असंच."

पिंजऱ्यात उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, जागा कुणी साफ केली?

"मी."

"का?"

"कोर्ट घरी येणार होतं, साहेब."

सगळे हसले. चिटणीस वकील तर पोट हलवून हसले. मला वाटलं धरणी दुभंगावी. मामंजी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते, त्यांना मी बघू शकले नाही. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी खांबांच्या खड्ड्यांचं विचारलं, कसे लिंपले, किती होते. मी सांगितलं, सात. वकीलबाई म्हणाल्या, कमिशनरनी पुन्हा जावं. चिटणीस उठले. "म्हणजे आता हे चाक मांडून बसतील, नाटक करतील."

"म्हणूनच दिवस कळवू नये," वकीलबाई म्हणाल्या.

थोडा वेळ दोघांचं हो-नाही झालं आणि न्यायाधीशांनी सांगितलं, पंधरा दिवसांच्या आत एका दिवशी कमिशनर जातील. दिवस फक्त त्यांना आणि दोघा वकिलांना ठाऊक असेल. पक्षकारांना नाही. दोघांनी तसा शब्द द्यावा.

"दिला," बाई म्हणाल्या.

"दिला, साहेब," चिटणीस म्हणाले.

आमच्या घरात या शब्दावर कुणाचा विश्वास बसणार? चिटणीस पाइपवाल्याला सांगणार, हे तर उघडच होतं. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. वाख संपत आला होता. घरात सात भारे. नवा वाख अजून भिजत पडलेला, तो यायला महिना. रोज एक भारा वळला तर आठव्या दिवशी पट्टा रिकामा. आणि कमिशनर नवव्या दिवशी आले तर? परत मोकळी, स्वच्छ, समतल जागा.

"अर्धा अर्धा भारा वळू," नवरा म्हणाला.

चाक आणि खांब परत जागेवर आलेच होते, तसं सुरू केलं. त्यात विहीर खणणारा रोज दारात. त्याचं काम दोरावाचून अडलं होतं.

"दोर देता, की मी तसाच उडी मारू विहिरीत?"

"मारा, खाली गेल्यावर हाक मारा," मी म्हटलं. तो चिडून गेला. गिऱ्हाईक आहे, असं बोलू नये, कळतं मला. पण त्या दिवसांत माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती.

झोपेतून उठलं की पहिली नजर केरसुणीकडं. वकीलबाईंनी सांगितलं होतं, हात लावायचा नाही. पट्ट्यावर घाण साचत होती, माश्या घोंगावत होत्या आणि मला ते बघवत नव्हतं. रस्त्यावर गाडी वाजली की छातीत धस्स. भाजीवाल्याची असली तरी धस्स. जेवताना मामंजी घास हातात धरून रस्त्याकडं बघत बसायचे.

एक दिवस मी म्हटलं, "माळ्यावर जुना दोर आहे तो उकलू. परत वळू, परत उकलू. येणाऱ्याला काय कळतंय?"

मामंजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं ताट ओढून घेतलंय. "खोटा दोर मी वळणार नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी पुटपुटले.

"सुंभाचा नाही मी, वाखाचा आहे," ते म्हणाले. म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत.

बाराव्या दिवशी बुधवार आला. एकच भारा उरला होता. मला राहवेना. तडक संघाच्या खोलीवर गेले. टेबलाशी त्या दिवशी दुसरंच कुणी बसलं होतं, वकीलबाई आत होत्या. आणि त्यांच्यासमोर चिटणीस आणि कमिशनर. मधे किटली. माझा जीव तिळतिळ तुटतोय आणि इथं चहा! मी बाईंना बाहेर बोलावलं.

"ताई, तेवढा दिवस सांगा. एकच भारा आहे. उद्या अर्धा, परवा अर्धा, पंधराव्या दिवशी काही नाही. संपलं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"आणि त्यांनी पाइपवाल्याला सांगितलं असलं तर?"

"नाही सांगितलं."

"कशावरून?"

"आम्ही रोज एका बाकावर बसतो," त्या म्हणाल्या. "इथं ज्यानं शब्द मोडला, त्याच्याशेजारी परत कुणी बसत नाही. तुला चहा दिसतो. तो चहा फुकट नाही गं."

मला ते पटलं नाही. डोळ्यात पाणी आलं. मी निरोपसुद्धा न घेता निघाले. घरी पोचते तो रस्त्यावर पाइपवाला गाडी थांबवून उभा. "काय वहिनी, कधी येतायत साहेब?" हा चिडवतोय, की खरंच विचारतोय? रात्रभर मी हाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी, तेराव्या, सकाळी थोडं काम काढून ठेवायचं म्हणून अर्धा भारा कमरेला गुंडाळला. केस विंचरलेले नाहीत, अंगावरचे कपडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, टाचांच्या भेगांत तेल घातलेलं आणि त्यावर माती. खांबांवर मामंजींचे कपडे वाळत. नवऱ्यानं चाक धरलं, मी तंतू अडकवले आणि मागं मागं निघाले. चाळीस पावलं गेले असेन. माझं तोंड चाकाकडं, पाठ रस्त्याकडं. अचानक नवऱ्याचा चेहरा बदलला. माझ्या खांद्यावरून तो मागं बघत होता. चाक अडखळलं आणि हातातला धागा थरथरला.

"थांबवू नको!" मामंजी ओरडले. "फिरव!"

मागून गाडीचं दार वाजलं. माणसांची पावलं. मग दुसरी गाडी, करकर वाजणारे बूट. ते बूट मी ओळखते.

"मला काही सांगायचं तरी, चिटणीससाहेब," पाइपवाला धापा टाकत म्हणत होता. "गाडी पाठवून नुसतं बोलावून घेतलंत. मी दुकान तसंच टाकून आलोय."

म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

पण वळून बघता येत नव्हतं. कोर्ट दारात आलं होतं आणि मला नमस्कार करता येत नव्हता, पाणी विचारता येत नव्हतं, साधे खोचलेले कपडे सोडता येत नव्हते. फुटकी बादली तिथंच. डबडं तिथंच. आमचं सगळं उघडं पडलं होतं, माझी पोटऱ्यांपर्यंत मळलेली तंगडी त्या काळ्या कोटांसमोर, आणि मी पाठमोरी त्यांच्याच अंगावर चालत निघाले होते. लाजेनं कानशिलं तापली. हात मात्र वाख सोडत होते.

"चालू द्या तुमचं," कमिशनरांचा आवाज आला. ते बाजूनं, पट्ट्याच्या कडेकडेनं चालत होते. वकीलबाईही असाव्यात, बांगड्या वाजल्या.

सत्तर पावलं. करकर वाजणारे बूट मात्र हलत नव्हते. पाइपवाला पट्ट्याच्या मधोमध उभा राहून कुणाला तरी सांगत होता, "हे काय, आजच मांडलंय सगळं. माझ्या जागेत..." आवाज पाठीशी येत येत अगदी मानेजवळ आला. थांबले असते तर धाग्याला गाठी पडल्या असत्या, आणि तो वाख गेला असता.

"सरका!" मी ओरडले. मागून कुणी आडवं आलं की रोज जशी ओरडते तशीच. नवऱ्यावर ओरडते, मामंजींवरही.

तो टुणकन उडी मारून नाल्याच्या बाजूला गेला. मी त्याच्या समोरून मागं मागं निघून गेले. तेव्हा कुठं तो मला दिसला, एक बूट चिखलात.

कमिशनर थांबले होते. वही उघडून, बोलत बोलत लिहीत होते. "दहा वाजून वीस मिनिटं. वाख कमरेला, चाक चालू. खांब सात. सदर महिला काम करत मागे आल्या. त्यांनी सरका म्हटलं. प्रतिवादी सरकले."

"अहो, ती अंगावर येत होती!" पाइपवाला म्हणाला. "ते कशाला लिहिता? माझ्याच जागेत मी सरकलो म्हणून?" मग तो चिटणीसांकडं वळला. "तुम्ही माझे वकील ना? सांगा की त्यांना!"

चिटणीस वकिलांनी चिखलातल्या बुटाकडं पाहिलं. "तुम्ही सरकलात ना?"

"सरकलो, पण..."

"मग लिहू दे त्यांना."

मला रडू फुटलं. डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता. दूर, एवढासा दिसणारा नवरा चाक फिरवत होता आणि त्याच्या शेजारी मामंजी ताठ उभे होते. मी वाख सोडत गेले. अजून तीस पावलं जायची होती.